घरात एकाला फ्लू किंवा कोविड झाला, तर बाकीच्यांना कसं वाचवावं

घरात कुणाचा घसा धरला, अंग तापलं की आपण दाराची कडी पुसतो, सारखे हात धुतो. हात धुवावेतच. पण फ्लू आणि कोविडचा मोठा रस्ता हवेतून जातो, आणि त्या हवेकडे मात्र कोणी बघत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: आजारी माणसाने सोडलेली हवा कोणी, किती वेळ घेतली? त्याच्या हातात सिगारेट असती तर धूर कुठवर गेला असता, एवढी कल्पना केली तरी निम्मं उत्तर मिळतं.

पायरी १: तारीख मागे न्या

ज्या दिवशी पहिलं लक्षण दिसलं तो दिवस लिहून ठेवा आणि तिथून मागे मोजा. फ्लूचा रोगी लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवत असतो, कोविडचा साधारण दोन दिवस आधीपासून. गुरुवारी ताप आला, तर मंगळवारपासूनच्या भेटी आठवा. लागण झालेल्याला लक्षणं यायला फ्लूमध्ये एक ते चार दिवस जातात, कोविडमध्ये त्याहून जास्तही. त्यामुळे ‘काल भेटलो, आज चाचणी निगेटिव्ह आली’ यावर निर्धास्त होऊ नका.

पायरी २: संपर्कातल्या माणसांचा क्रम लावा

एका खोलीत झोपणारे सगळ्यात वर. त्याखाली काचा बंद करून गाडीत सोबत बसलेले, मग कामाच्या ठिकाणी एकाच दालनात दिवस काढणारे. जिन्यात मिनिटभर भेटलेला शेजारी अगदी खाली, आणि मोकळ्या मैदानावर भेटलेले बहुधा त्याच्याही खाली.

‘एक मीटर, पंधरा मिनिटं’ हा नियम बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलाय. रोग्याच्या संपर्कातली माणसं शोधणाऱ्या सरकारी यंत्रणेला कुठेतरी रेघ मारावी लागते, तशी ती मारलेली. मोठे शिंतोडे मीटर-दोन मीटरमध्ये खाली पडतात हे खरं, पण बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगतात. अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण हजर होते, त्यातले ५३ कोविडने आजारी पडले. गाताना आणि मोठ्याने बोलताना असे कण कितीतरी जास्त बाहेर पडतात. १९७७ मध्ये अलास्कात ५४ जण असलेलं एक विमान बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवर उभं राहिलं, हवा खेळवणारी यंत्रणा बंद. आत एक फ्लूचा रोगी होता. तीन दिवसांत ७२ टक्के लोकांना खोकला-ताप.

याउलट दक्षिण कोरियात सोलमधलं एक कॉल सेंटर बघा. मार्च २०२० मध्ये त्याच्या मजल्यावरच्या २१६ जणांपैकी ९४ जणांना कोविड झाला, त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. इतर मजल्यांवरचे लोक याच लोकांना लिफ्टमध्ये, तळमजल्यावर रोज भेटत होते. तिकडे जवळजवळ कोणाला काही झालं नाही. ओझरती भेट आणि तासन् तास एका हवेत बसणं यांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसेल?

पायरी ३: खोलीतली हवा बाहेर काढा

‘एकाला झालं म्हणजे आता सगळ्यांना होणारच’ असं म्हणून हात टेकू नका. २०२० च्या सुरुवातीच्या कोविडमध्ये घरातल्या साधारण पाच-सहांपैकी एकाच संपर्काला लागण होत होती. ओमिक्रॉन या कोविडच्या नंतरच्या प्रकारात हे प्रमाण बरंच वाढलं, तरी शंभर टक्के नव्हतंच. (गोवराची गोष्ट वेगळी. प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा निकटवर्तीयांपैकी नऊ जणांना तो गाठतो.)

रोग्याला खिडकी असलेली खोली द्या, दार लावून घ्या. टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा. छताचा पंखा आणि साधा स्प्लिट एसी तीच हवा आतल्या आत फिरवतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा आणि दाराच्या खालच्या फटीशी धरा. पट्टी खोलीच्या आत ओढली गेली तर हवा घरातून खोलीत आणि तिथून बाहेर चाललीय, म्हणजे काम झालं. पट्टी तुमच्याकडे फडफडली तर रोग्याची हवा घरभर येतेय. पंखा नीट बसवा, खिडकीत त्याच्या कडेच्या फटी पुठ्ठ्याने बुजवा. वारा फिरला की गणितही फिरतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पट्टी धरून बघा.

बाथरूम एकच असेल तर रोग्याने शेवटी जावं आणि एक्झॉस्ट फॅन नंतरही चालू ठेवावा. तासाला सहा वेळा हवा बदलत असली तरी खोलीतले ९९ टक्के कण निघायला सुमारे ४६ मिनिटं लागतात.

पायरी ४: मास्क दोघांनी लावा

रोग्याने आणि त्याच्या खोलीत जाणाऱ्यानेही. एन-९५ असेल तर उत्तम, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. चष्म्यावर वाफ धरली तर नाकावरची पट्टी सैल आहे असं समजा. आत जायचं ते कामापुरतं; गप्पा फोनवर मारा.

पायरी ५: बाहेरच्यांना कळवा

दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडीच्या किमान दोन काचा उघड्या ठेवा, एसी असला तरी हवा बाहेरून घेणारं बटण दाबा. कामाच्या ठिकाणच्या सोबत्यांना त्याच दिवशी मेसेज करा. संकोच वाटतो, पण त्यांच्या घरी कोण आहे हे आपल्याला कुठे माहीत असतं? यादीत तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर त्यांनी लक्षण दिसताच डॉक्टरांना फोन करावा. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि बाकीची लक्षणंही उतरू लागली, की रोग्याला खोलीबाहेर येऊ द्या. त्यानंतर आणखी पाच दिवस चारचौघांत त्याचा मास्क आणि घराच्या खिडक्या उघड्या, दोन्ही चालू राहू द्या.