जुना संगणक रास्त भावात घेताना: सांगली परिसरातील अनुभव

जुना संगणक घ्यायचे मनात आले की बहुतेक लोक आधी इंटरनेटवर भाव पाहतात आणि तिथेच फसतात, कारण तिथे दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला आकडा असतो. त्या किमतीला वस्तू गेलीच असे नाही. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू पाहण्याची सोय आहे. ती वापरून प्रत्यक्ष व्यवहाराचा अंदाज घ्यावा आणि ती आपली वरची मर्यादा समजावी. खालची मर्यादा भंगाराच्या काट्यावर ठरते. रास्त भाव या दोहोंच्या मध्ये असतो, आणि तो नेमका कुठे, हे यंत्राच्या वयावरून नव्हे, तर आपण स्वतःच्या डोळ्यांनी काय तपासू शकलो यावरून ठरवावे.

आपल्या भागात पतसंस्था, साखर कारखाने, छापखाने आणि महाविद्यालये यांनी १९९० च्या दशकात बरेच संगणक घेतले. ही यंत्रे वर्षानुवर्षे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत) नोंदलेली राहतात आणि कधीतरी निर्लेखन होऊन, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी होऊन, लिलावात एकगठ्ठा निघतात. लिलावाची जाहीर सूचना स्थानिक वर्तमानपत्रात येते, पण गठ्ठा बहुधा भंगार व्यावसायिकच उचलतात. म्हणून कुपवाड एमआयडीसीच्या आसपासच्या दोन-तीन दुकानदारांशी ओळख ठेवावी आणि माल फोडण्याआधी कळवण्याची विनंती करावी. घाई एवढ्यासाठी, की ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियम या जुन्या पिढ्यांचे सिरॅमिक प्रोसेसर सोन्यासाठी वेगळे काढून विकले जातात. कॅबिनेट उघडून प्रोसेसर जागेवर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कॅबिनेट उघडल्यावर माझी नजर आधी कीबोर्डच्या सॉकेटजवळ जाते. ३८६ आणि ४८६ च्या अनेक मदरबोर्डांवर तिथे पिंपाच्या आकाराची, बहुधा निळ्या वेष्टनाची, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की अल्कधर्मी द्रव तांब्याच्या रेषा खात जातो आणि आजूबाजूला हिरवट-पांढरे खवले धरतात. कुपवाडच्या एका दुकानात मला पंधराशे रुपये सांगितलेल्या ४८६ मध्ये हे खवले बॅटरीपासून दोन इंचांवरच्या चिपच्या पायांपर्यंत पोहोचले होते. मी टॉर्च धरून दुकानदाराला ते दाखवले आणि व्यवहार चारशेला झाला. घरी बॅटरी कापून काढली, जागा आधी व्हिनेगरने, मग पाण्याने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली आणि तुटलेल्या तीन रेषा बारीक तारेने जोडल्या. या कामाला दोन रविवार गेले. असा वेळ देण्याची तयारी नसेल, तर गळलेला बोर्ड काट्याच्या भावातही महागच पडतो.

सांगलीत आणखी एक तपासणी टाळता येत नाही, ती म्हणजे पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, आणि तेव्हा पाण्यात गेलेली बरीच यंत्रे बाहेरून पुसून पुन्हा बाजारात आली. कार्डांच्या स्लॉटच्या तळाशी, पॉवर सप्लायच्या जाळीमागे आणि स्क्रूंच्या आट्यांत बारीक गाळ राहतोच. कागदाची टोकदार सुरळी स्लॉटमध्ये फिरवावी. ती मातकट निघाली तर यंत्र तिथेच चालू करून पाहण्याचा आग्रह धरू नये. पॉवर सप्लाय वेगळा तपासल्याशिवाय जुने यंत्र वीजजोडणीला लावूच नये. एटी या जुन्या प्रकारच्या पॉवर सप्लायमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात, तेव्हा तिथल्या उघड्या तारांबाबत विशेष जपावे. मदरबोर्डाला जाणारे दोन प्लग बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत; उलट बसले तर बोर्ड जळतो.

जास्त पैसे कशाला द्यावेत, हेही ठरवून ठेवावे. साधे पेंटियमचे असेंबल यंत्र अजूनही विपुल मिळते, त्यामुळे 'अँटिक' म्हणून सांगितलेला भाव मान्य करण्याचे कारण नाही. पण डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या पडद्यावर देवनागरी उमटवणारे, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड एखाद्या छापखान्याच्या यंत्रात दिसले, तर मी घासाघीस करत नाही. आपल्या भाषेच्या संगणकीय इतिहासाचा तो तुकडा वितळवला गेला तर परत मिळणार नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आणि ब्रिटिश स्पेक्ट्रमवरून आपल्याकडे परवान्याने तयार झालेला डीबी स्पेक्ट्रम यांचेही तसेच. ब्रिटिश यंत्रांचा आणखी एक फायदा असा, की तिकडची वीज आणि टीव्हीची पाल पद्धत आपल्यासारखीच असल्याने ती फारशा खटपटीविना चालतात. अमेरिकेतून आलेल्या यंत्राला मात्र ट्रान्सफॉर्मर आणि एनटीएससी ही तिकडची टीव्ही पद्धत चालणारा पडदा लागतो. तो खर्च भाव ठरवतानाच वजा करावा.

पतसंस्थेच्या यंत्रात हार्ड डिस्क आली, तर तिच्यात खातेदारांची नावे आणि रकमा असू शकतात. त्या न उघडता डिस्क पूर्ण पुसावी. ती फार जुनी असल्यास तिच्याऐवजी आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड बसवणे अधिक भरवशाचे ठरते.

काचेच्या नळीचा मॉनिटर शक्यतो सांगली-मिरजेतच शोधावा, कुरिअरने मागवू नये. घरी आणताना तो गाडीच्या मागच्या सीटवर, पडदा सीटच्या पाठीकडे करून ठेवावा आणि पट्ट्याने बांधावा. वजनाचा मोठा भाग पुढच्या काचेत असतो.