काठ आधी मोजा: नक्षी जुळवलेल्या गोधडीची तयारी

पहिली गोष्ट काठ. ठिगळं नव्हे, रंग नव्हे, मशीन नव्हे. गोधडीला चारी बाजूंनी साडीचा काठ लावायचा असेल आणि कोपरे फोटोच्या चौकटीसारखे तिरके जोडायचे असतील, तर काठ किती लागणार हे मधला एकही तुकडा कापण्याआधी कागदावर लिहा. आपल्याकडच्या वाकळीला हा हिशेब लागत नाही. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडा आत दुमडायच्या आणि बाहेरून आत धावदोरा घालत जायचं. त्याच सवयीने इथेही हात आधी मधल्या भागाकडे जातो आणि काठाची आठवण सगळ्यात शेवटी होते.

हिशेब असा. १२ इंचांचे चौकोन, चार आडवे आणि सहा उभे, म्हणजे मधला भाग ४८ बाय ७२ इंच. काठाची पट्टी ६ इंच रुंद धरू. लांब बाजूला ७२ इंचांची पट्टी पुरत नाही. तिरक्या जोडात पट्टी दोन्हीकडे कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत जाते, म्हणून ७२ अधिक ६ अधिक ६, झाले ८४. त्यावर शिलाईची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, आणि नक्षी मागेपुढे सरकवायला जागा म्हणून आणखी किमान ६ इंच. म्हणजे ९०. आखूड बाजूला ४८ अधिक १२ अधिक ६, म्हणजे ६६. चारी पट्ट्या मिळून ३१२ इंच, आठ मीटरला जरा कमी. मागच्या गोधडीत मी पट्ट्या मधल्या भागाच्या मापाने कापल्या आणि कोपऱ्यात जोड द्यायला कापडच उरलं नाही. वेगळे चौकोन घालून जागा भरली, पण काठाची नक्षी चारी कोपऱ्यांत तुटली ती तुटलीच. म्हणून पुन्हा सांगते: बाजूची लांबी, अधिक पट्टीच्या रुंदीची दुप्पट, अधिक ६ इंच. हे भिंतीवर चिकटवून ठेवा.

साडेपाच मीटरच्या साडीला दोन काठ, म्हणजे ११ मीटर काठ हाती येतो. नऊवारीत तर चंगळच. एका साडीत भागतं, फक्त काठ विरलेला, उसवलेला, फॉलच्या टाक्यांनी भोकं पडलेला नको. उजेडासमोर धरून सगळी लांबी बघा, अर्धा मीटर बघून समाधान मानू नका. आमच्या सांगलीकडे घरोघरी इरकल असते आणि तिचे गोमी किंवा परासपेठ काठ या कामाला सुंदर दिसतात, कारण नक्षी ठसठशीत आणि ठरावीक अंतरावर परत येणारी असते. काठ अरुंद असेल तर लगतचं साडीचं अंगही सोबत घ्या आणि पट्टी ६ इंचांची करा, एक जोड वाचेल. जरीची तार मात्र टाळा. इस्त्रीला ती चुरमडते आणि अंगावर घ्यायच्या पांघरुणात टोचते. बऱ्याच साड्यांत काठाचा धागा वेगळा आणि अंगाचा सुती असतो. दोन्ही सारखे आटत नाहीत, म्हणून मोजण्याआधी धुणं आलंच.

धुण्याबद्दल एवढंच: सगळं कापड धुवा, नवं आणि जुनं, अस्तरसुद्धा. लाल आणि जांभळ्या रंगाचं वेगळं भिजवा. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने सुटणारा रंग बसतो असं घरोघरी सांगतात, तो बसत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं, नाहीच आलं तर ते कापड या गोधडीत घ्यायचं नाही.

आता काठाची नक्षी. काठावरची फुलं सरळ उभी असतील, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असेल, तर काम सोपं. कोयरी असेल आणि ती एका बाजूला झुकलेली असेल तर थांबा. सरळ एक पट्टी लावलीत तर एका कोपऱ्यात कोयरी आत वळेल आणि दुसऱ्यात बाहेर, जोड कितीही सुबक घातला तरी कोपरा वाकडाच वाटेल. यावर उपाय साडीतच आहे. साडीचे दोन काठ बहुधा एकमेकांचे आरशातले रूप असतात. वरचा काठ फिरवून खालच्या काठाशेजारी ठेवा, एकाची कोयरी उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे झुकलेली दिसेल. प्रत्येक बाजूची पट्टी मधोमध जोडून करा, अर्धी या काठाची आणि अर्धी त्या काठाची. मग चारी कोपऱ्यांत कोयऱ्या समोरासमोर येतात. मधल्या जोडाला दोन्हीकडून माया लागते, तीही लांबीत धरा. अर्धी पट्टी आखूड पडली तर दुसरीकडून ओढून भागत नाही.

नक्षी किती इंचांनी परत येते ते मोजा. गोधडीच्या लांबी-रुंदीतल्या फरकाला त्या अंतराने पूर्ण भाग गेला पाहिजे. आपल्या मापात ७२ उणे ४८, म्हणजे २४. नक्षी ३, ४ किंवा ६ इंचांनी येत असेल तर चारी कोपरे आपोआप सारखे होतात, फक्त प्रत्येक पट्टीचा मध्य ठरवून तिथून दोन्हीकडे जायचं. ५ इंचांनी येत असेल तर भाग जात नाही. तेव्हा काठाच्या आत साध्या कापडाची बारीक पट्टी घालून मधला भाग ५० बाय ७५ करा: डावी-उजवीकडे एकेक इंच, वर-खाली दीड-दीड. एका बाजूच्या मध्यावर फूल आणि दुसऱ्या बाजूच्या मध्यावर दोन फुलांमधली जागा ठेवली की कोपरे जुळतात. पण बाजू वाढली म्हणजे काठही वाढला. ७५ अधिक १२ अधिक ६. नव्याने लिहा, जुना आकडा खोडा.

चौकोनांकडे येऊ. प्रत्येक चौकोनात आठ त्रिकोणी पाकळ्या, प्रत्येकीचं टोक ४५ अंशांचं, आणि आठही पाकळ्यांत नक्षीचा तोच भाग त्याच जागी. त्यामुळे मधे आपोआप चक्र उमटतं. खरी मजा इथेच आहे. १२ इंचांच्या चौकोनाला तयार पाकळीची उंची ६ इंच आणि पाया ५ इंचांना केसभर कमी. चार कोपऱ्यांना काटकोन त्रिकोण लागतात, त्यांच्या काटकोनाच्या बाजू साडेतीन इंचांच्या. हे सगळं शिवून झाल्यावरचं माप. कापताना चोहोबाजूंनी पाव इंच माया.

कापड घ्यायला सांगलीच्या कापड पेठेत जा किंवा घरातलं काढा, पण मीटर मोजू नका, नक्षी मोजा. एका चौकोनाला तोच बुट्टा आठ वेळा हवा. पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, तो चार वेळा येत असेल आणि खाली ३२ सेंटिमीटरवर पुन्हा येत असेल तर ६४ सेंटिमीटरात आठ होतात. दुकानदाराची कात्री बुट्ट्याच्या मधून जाते, त्यामुळे एक मीटर घ्या. बुट्टे दाटीचे असतील तर एक पाकळी कापताना शेजारचा बुट्टा जातो, तेव्हा दुप्पट धरा. हाताच्या ठशांच्या छपाईत दोन बुट्टे तंतोतंत सारखे येत नाहीत. ते कापड एरवी कितीही आवडो, इथे मशीनची छपाई घ्या. छपाई धाग्याला तिरकी बसलेली असेल तर नक्षीच्या मागे जा, धाग्याच्या नाही.

दुकानात जाताना दोन लहान आरसे न्या, मागून चिकटपट्टीने बिजागरीसारखे जोडलेले. ४५ अंशांत उघडून कापडावर उभे करा, आठ पाकळ्यांचं चक्र लगेच दिसतं. ताग्यात अगदी साधी वाटणारी पानंफुलं आरशात खुलतात आणि देखणा बुट्टा कधी कधी नुसता गिचमिड दिसतो. हे घरी येऊन कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं. आरशांवर विश्वास ठेवताना एक लक्षात ठेवा: आरसा एकाआड एक पाकळी उलटी करून दाखवतो. बुट्टा दोन्हीकडे सारखा असेल आणि त्याची मधली रेघ पाकळीच्या मधोमध बसवलीत, तर उलट-सुलट एकच. बुट्टा एकाच बाजूला वळलेला असेल तर आठही पाकळ्या त्याच दिशेला वळतील आणि चक्र फिरल्यासारखं दिसेल. वाईट नाही, पण आरशातलं मिळणार नाही. छापील कापड उलटं करून भागत नाही, मागची बाजू फिकी असते.

साचा फाईलच्या पारदर्शक प्लास्टिकचा करा. मधली रेघ आखा, पाव इंचाची आतली रेघ आखा, आणि पहिल्या पाकळीवर ठेवून नक्षीतलं एखादं पान किंवा देठ पेनाने त्या प्लास्टिकवर उतरवून घ्या. पुढच्या सात वेळा ते पान त्या रेघेवर बसवायचं. पुठ्ठ्याचा साचा करू नका, खालचं दिसत नाही.

कापण्याआधी खळ. पाकळीच्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, जातात आणि उरेब कड हातातच ताणली जाते. साबुदाण्याची किंवा मैद्याची पातळ खळ द्या, वाळल्यावर इस्त्री करा आणि मगच कापा. पावसाळ्यात हे काम काढू नका; आठवडा गेला तरी कापड दमट राहतं, वास धरतं, खळीला कसर लागते. दिवाळीनंतरचं ऊन चांगलं. इस्त्री दाबून उचलायची, घासत न्यायची नाही. गोधडी पूर्ण झाली की एकदा धुऊन खळ काढायची, विसरू नका.

मशीनला तेल, ११ किंवा १४ नंबरची नवी सुई, सुती दोरा, भरलेल्या चार-सहा बॉबिन. पाव इंच मायेसाठी सुईपासून मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि आधी चिंधीवर तीन पट्ट्या शिवून मोजा. आठ पाकळ्यांत प्रत्येक जोडाला दोऱ्याएवढी चूक झाली की चक्राच्या मध्यात टेंगूळ येतं नाहीतर भोक. दोन-दोन पाकळ्या जोडा, मग चार-चार, आणि दोन अर्धी शिवण्याआधी पट्टी लावून बघा की कड सरळ आहे. नसेल तर उसवा. पुढे ती चूक वाढतच जाते.

आता पुन्हा काठ. मधला भाग जोडून झाला की तो परत मोजा, कडेने नव्हे, मधोमध. ७२ चा ७१ झालेला असू शकतो. काठाच्या मध्यावर आणि मधल्या भागाच्या मध्यावर टाचणी, तिथून बाहेर टाचत जा. दोन्ही टोकांना काठ लोंबता ठेवा. टीप कोपऱ्याच्या पाव इंच आधी सुरू आणि पाव इंच आधी बंद, उलटी टीप मारून पक्की. चारी पट्ट्या लागल्या की गोधडी कर्णात दुमडा, दोन पट्ट्या एकावर एक आणा, कंपासपेटीतल्या ४५ अंशांच्या गुण्याने आतल्या कोपऱ्यापासून बाहेर रेघ आखा. फूल फुलावर आलंय का टाचणी आरपार घालून बघा. कच्चा टाका घाला, उलगडा, लांबून बघा. मगच मशीनवर टीप, आतून बाहेर. ती टीप पडेपर्यंत लोंबतं कापड कापायचं नाही. अडचण होते, पायात येतं, तरी नाही. चारी कोपरे टीप मारून, उलगडून, सपाट बसलेले पाहिले की माया पाव इंच ठेवून कापा. एक कोपरा झाला म्हणून त्याचं कापून मोकळं होऊ नका, चौथा जुळवताना पहिल्याची पट्टी कधी कधी सरकवावी लागते.

पुढचं थोडक्यात. अस्तर चारी बाजूंनी ४ इंच मोठं, म्हणजे ६८ बाय ९२. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागावरचं सुती कापड घ्या, दोन पन्हे जोडून. आत जुनं मऊ लुगडं किंवा बारीक सुती चादर, फार जाड नको, सुई जात नाही. जमिनीवर अस्तर ताणून चिकटवा, थर घाला, वितीवितीवर कच्चा दोरा. हाताचा टाका वाकळीसारखा बाहेरून आत घालू नका, इथे मधून बाहेर, नाहीतर झोल मधे साचतो आणि चक्रं फुगतात. चक्राच्या जोडाशेजारून एक ओळ पुरे. काठावर नक्षीच्या कडेने. कच्चा दोरा काढा, कडा सारख्या करा. कडेची पट्टी सरळ कापडाची, अडीच इंच, दुहेरी दुमडून. कडा सरळ आहेत, उरेब लागत नाही. लांबी ६० अधिक ८४ ची दुप्पट, २८८, आणि वर फूटभर जास्त.