पहिल्या लिलावाला जाण्याआधी

कॅटलॉग हातात आला की चित्रं नंतर बघा, आधी शेवटची पानं उघडा. बारीक अक्षरातल्या अटी तिथे असतात: प्रीमियम (बोलीच्या रकमेवर लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेतं ते शुल्क) किती टक्के, कर कशावर, पैसे किती दिवसांत भरायचे, माल कधी उचलायचा. बहुतेक ठिकाणी माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विकतात. घरी नेल्यावर तडा दिसला, तर तो तुमचा. चित्र घेणार असाल तर वर्णनाचे शब्दही जपून वाचा. ‘यांचे’, ‘यांचे मानले जाते’, ‘यांच्या शैलीतले’ आणि ‘यांच्या चित्रावरून’ या चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला चित्रकार तुमच्यापासून थोडा लांब जातो.

माल बघायचा दिवस चुकवू नका. तो चुकला तर त्या लॉटवर (एका नंबराखाली विकायला काढलेल्या वस्तूवर) बोली लावू नये, असं माझं सरळ मत आहे. पिशवीत टॉर्च, भिंग, टेप आणि छोटं लोहचुंबक असू द्या. पितळी म्हणून मांडलेल्या वस्तूला चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आहे. लाकडी कपाट असेल तर खण पूर्ण बाहेर काढा, उलटे करा. मुठीच्या आतल्या बाजूला बुजवलेली जास्तीची भोकं दिसली, तर मुठी बदललेल्या आहेत. एका खणाचं लाकूड किंवा कोपऱ्याचा सांधा बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल, तर तो खण दुसऱ्याच कपाटातून आलेला असू शकतो. पाठीची फळी बघा, पाय बघा, मग वास घ्या. हसू नका, ताजं पॉलिश वासावरून कळतं. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा लिलावगृहाचा अहवाल, मिळत असेल तर तोही मागून घ्या. फुकट मिळणारी गोष्ट मागायला नवखे उगाच लाजतात.

आता आकडा. वस्तू दारात येईपर्यंत एकूण किती घालवायचे ते ठरवा, त्यातून वाहतूक आणि कर वजा करा, मग उलटा हिशेब करा. समजा १०,००० उरले आणि प्रीमियम २५ टक्के आहे. १०,००० ला १.२५ ने भागा. तुमची शेवटची बोली ८,००० ची. हा आकडा लॉट नंबरासमोर पेनाने लिहा, पेन्सिलीने नको. आणखी एक बारीक गोष्ट: बोली ५०० च्या टप्प्याने चढत असेल, तर ८,००० वर तुम्ही असाल की समोरचा, हे तुमच्या हातात नसतं. म्हणून ‘अजून एकच टप्पा’ द्यायचा की नाही, हेही घरीच ठरवून टाका.

१९७१ मध्ये तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल लिहिलं होतं, की बोली जिंकतो तो बहुधा मालाची किंमत सगळ्यांत जास्त फुगवून धरणारा. ती तर अनुभवी मंडळी होती! आपल्याला चेव येतो असं माहीत असेल, तर कमाल बोली आधीच लेखी देऊन घरी बसा.

नोंदणीसाठी ओळखपत्र लागतं, कुठे अनामतही. तासाला साधारण ८० लॉट निघाले तर २४० नंबर यायला तीन तास लागतील. पाण्याची बाटली न्या. जमल्यास एखादा लिलाव नुसता बघून घ्या. पुकारणारा रिकाम्या भिंतीकडे बघून बोली घेतोय असं वाटलं तर दचकू नका. राखीव किंमत (जिच्या खाली विक्रेता माल देणार नाही ती) गाठेपर्यंत विक्रेत्याच्या वतीने बोली चढवायची मुभा अनेक ठिकाणी अटींतच असते. लॉट न विकता मागे गेला, तर लिलावानंतर टेबलापाशी जाऊन तो मिळेल का विचारा. तिथे हातघाईही नसते.

एकवार, दोनवार, तीनवार झालं की माल बहुतेक अटींनुसार तुमच्या जबाबदारीवर, आणि मुदतीत उचलला नाही तर साठवणुकीचं भाडं चालू. माझं पहिलं कपाट सहा दिवस तिथेच पडून होतं. मी कपाट व्यवस्थित मोजलं होतं, घराचा दरवाजाही मोजला होता. जिन्याचं वळण तेवढं मोजायचं राहिलं होतं.