थायलंडला निघण्यापूर्वी: डिजिटल अरायव्हल कार्ड भरण्याची रीत

थायलंडमध्ये हवाई, रस्ता किंवा सागरी मार्गाने प्रवेश करणाऱ्या प्रत्येक परदेशी नागरिकाला १ मे २०२५ पासून ‘थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड’, म्हणजेच टीडीएसी, ऑनलाइन भरावे लागते. पूर्वी विमानात वाटल्या जाणाऱ्या टीएम-६ या कागदी कार्डाची जागा आता या अर्जाने घेतली आहे. हा अर्ज म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाचे नियम स्वतंत्र असून ते वेळोवेळी बदलतात, म्हणून त्यांची खातरजमा वेगळी करावी.

अर्ज थायलंडच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर भरायचा असून त्याला कोणतेही शुल्क नाही. गूगलवर शोध घेतल्यास मात्र सरकारी वाटावीत अशी नावे, ध्वज आणि मुद्रा मिरवणारी खासगी संकेतस्थळे सर्वांत वर दिसू शकतात आणि तीच माहिती भरून देण्यासाठी पैसे मागतात. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘immigration.go.th’ असा होतो. पैसे भरण्यासाठी बँकेच्या कार्डाचा तपशील मागणारे पान दिसले, की आपण भलत्याच ठिकाणी आहोत हे ओळखून तेथेच थांबावे. पैशांपेक्षाही पासपोर्टची माहिती अनोळखी हाती जाते, ही बाब मला अधिक गंभीर वाटते.

थायलंडमध्ये पोहोचण्याच्या तारखेच्या आधीच्या तीन दिवसांत अर्ज भरावयाचा असतो. येथे तारीख धरायची ती थायलंडमध्ये उतरण्याची, मुंबईहून निघण्याची नव्हे. मुंबईहून बँकॉकला जाणारी अनेक विमाने रात्री उशिरा सुटतात आणि तेथील वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे १० तारखेला रात्री निघालेला प्रवासी ११ तारखेच्या पहाटे किंवा सकाळी उतरतो. त्याने अर्जात ११ तारीखच लिहिली पाहिजे. रकान्यात आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस असा क्रम असतो, हेही ध्यानात ठेवावे.

अर्ज उघडण्यापूर्वी पासपोर्ट, विमानाचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि चालू ईमेल पत्ता जवळ ठेवावा. कुटुंब एकत्र जात असेल, तर सर्वांची माहिती एकाच वेळी भरता येते. परंतु तान्ह्या बाळासह प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र नोंद आवश्यक असते.

नावाच्या रकान्यात मराठी माणूस हमखास अडखळतो. आपल्याकडील बहुतेक पासपोर्टांवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव दुसऱ्या ओळीत एकत्र छापलेले असते, तर या अर्जात आडनाव, पहिले नाव आणि मधले नाव असे तीन रकाने असतात. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावरील तळाच्या दोन ओळींचा फोटो देऊन नाव आपोआप भरून घेण्याची सोय आहे; ती वापरावी आणि भरले गेलेले प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावे. हाताने भरताना बँकेत किंवा आधार कार्डावर नाव कसे आहे याचा विचार न करता पासपोर्टवरील स्पेलिंगच लिहावे. पासपोर्टवर आडनावच नसेल, तर त्या रकान्यात केवळ आडवी रेघ द्यावी.

प्रवासाच्या माहितीत ‘कोणत्या देशातून विमानात बसलात’ असा प्रश्न येतो. थेट विमान असेल तर उत्तर भारत. परंतु सिंगापूरला विमान बदलणार असाल, तर उत्तर सिंगापूर, आणि विमानाचा क्रमांकही सिंगापूरहून थायलंडला उतरणाऱ्या विमानाचा द्यावा. व्हिसा क्रमांक नसल्यास तो रकाना रिकामा सोडावा.

निवासाचा पत्ता भरताना प्रांत, जिल्हा आणि उपजिल्हा यादीतून निवडावे लागतात. पट्टाया हा प्रांत नाही. तो चोनबुरी प्रांतातील बांग लामुंग जिल्ह्यात येतो. त्याचप्रमाणे को सामुई बेट सुरत थानी प्रांतात आहे. फुकेत आणि क्राबी हे मात्र स्वतंत्र प्रांत आहेत. हॉटेलच्या आरक्षणपत्रावरील पूर्ण पत्ता पाहिला, की हा गोंधळ मिटतो. अनेक हॉटेलांत मुक्काम असेल, तर पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता द्यावा. (मित्राच्या घरी उतरणाऱ्यांनी पिन कोडसह पत्ता आधीच मागवून घ्यावा.)

शेवटी आरोग्यविषयक भाग येतो. त्यात गेल्या दोन आठवड्यांत ज्या देशांत राहिलात त्यांची नावे भरायची असतात. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशांतून आलेल्यांना लसीकरणाचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे लागते.

अर्ज सादर केल्यावर क्यूआर कोड असलेले कार्ड पीडीएफ स्वरूपात मिळते आणि ईमेलवरही येते. ते फोनमध्ये उतरवून ठेवावे आणि शक्यतो एक छापील प्रतही घ्यावी, कारण भारतातील चेक-इन काउंटरवरही ते विचारले जाऊ शकते आणि परदेशी विमानतळावर उतरताच इंटरनेट मिळेलच असे नाही. विमान किंवा हॉटेल बदलल्यास त्याच संकेतस्थळावर दुरुस्ती करता येते. नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व किंवा जन्मतारीख चुकली असेल, तर दुरुस्तीचा मार्ग नाही, नवाच अर्ज भरावा लागतो.

केवळ विमान बदलण्यासाठी थांबणाऱ्या आणि इमिग्रेशनच्या पलीकडे न जाणाऱ्या प्रवाशाला या कार्डाची गरज नसते. याउलट, बँकॉकहून चार दिवस कंबोडिया किंवा व्हिएतनामला जाऊन परत थायलंडमध्ये येणाऱ्याने दुसऱ्या प्रवेशासाठी नवे कार्ड भरले पाहिजे. पहिल्या कार्डावर दुसऱ्यांदा प्रवेश मिळत नाही.