केमोच्या डोसनंतर कुत्र्याला घरी कसं सांभाळावं

कुत्र्याच्या कॅन्सरचं निदान झालंय, रिपोर्ट हातात आहे, डोसचं वेळापत्रक ठरलंय, हे धरून चालते. ठाण्याहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला जायचं की जवळच्या दवाखान्यात, तेही ठरलं असेल. खरं काम घरी असतं.

डोसचा दिवस. घरी आणा, पाणी ठेवा, झोपू द्या.

पहिले तीन दिवस शी-शू. औषधाचा अंश त्यातून बाहेर पडतो. हातमोजे घालूनच उचला, पिशवीत बांधून टाका, फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. सोसायटीत मुलं खेळतात त्या कोपऱ्यात या दिवसांत नेऊ नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करायचं नाही. केमोची गोळी कधीही कुटायची किंवा तोडायची नाही. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध असेल तर सकाळी द्या, भरपूर पाणी पाजा आणि दिवसभर पुन्हापुन्हा शूला न्या, कारण ते मूत्राशयात साचून राहिलं तर आतून जखम करतं. लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

दुसऱ्यापासून पाचव्या दिवसापर्यंत पोट. मळमळ, जुलाब होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी घरात हवीच. बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि मऊ भात कोमट करून द्या, कांदा-लसूण नको. तोंड उघडून घास कोंबू नका. मळमळ होत असताना कोंबलेलं अन्न कुत्रा पुढे बरा झाल्यावरही नाकारतो.

पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत ताप. इथे नीट लक्ष द्या. बहुतेक औषधांनंतर साधारण सातव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तोवर उलट्या थांबलेल्या असतात, शेपटी हलत असते आणि घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. जपायचे दिवस नेमके हेच. जंतू बाहेरूनच येतात असं नाही. त्याच्याच आतड्यातले रक्तात उतरतात. म्हणून नुसतं घरात कोंडून ठेवून भागत नाही, ताप मोजावा लागतो. सकाळ-संध्याकाळ, रोज.

नाकाला हात लावून ताप कळतो असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कान गरम, नाक कोरडं, याला काही अर्थ नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा आणि गुदद्वारात अलगद इंचभर सरकवा. आमची राणी शेपटीला हात लागला की मटकन खाली बसायची आणि थर्मामीटर बाहेर. कितीतरी दिवस झटापट चालली. शेवटी जमलं ते असं: एकाने पोटाखाली हात घालून तिला उभं धरायचं, समोर ताटलीत दही चाटायला द्यायचं आणि दुसऱ्याने मागून काम उरकायचं. याची सवय पहिल्या डोसच्या आधीच लावा. आपल्या कुत्र्याचं नेहमीचं तापमानही त्यामुळे कळतं.

आता आकडे. कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबाने 101 बघून घाबरून क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. कॉम्बिफ्लाममधल्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. 103 च्या वर गेलं की सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. सलाईन आणि शिरेतून अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर बहुतेक कुत्री सावरतात. स्टिरॉइडमुळे ताप कधी दबतो, म्हणून आकडा ठीक असूनही कुत्रा मलूल पडला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा अंग 100 च्या खाली गार पडलं तरी तितक्याच घाईने निघा.

रात्री कुठला दवाखाना उघडा असतो आणि गाडी कोणाची, हे डोसच्या आधीच ठरवून ठेवा. घोडबंदर रोडवर रात्री अवजड गाड्यांची रांग असते आणि कुत्र्याला घेणारी रिक्षा तेव्हा शोधत बसता येत नाही.

या दिवसांत कच्चं मांस बंद. शेजारच्या काकू प्रेमाने पपईच्या पानांचा रस आणून देतील. नाजूक झालेल्या पोटात तो ओतू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच काढा नको.

पुढच्या डोसआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) फार कमी असतील तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात. हट्ट करू नका.

गोचीड. औषधाची तारीख चुकवू नका. गोचीडतापाने प्लेटलेट पडतात, आणि मग त्या केमोने पडल्या की गोचिडीने, हे शोधण्यात दिवस जातात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. लसीची वेळ मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.