जून उजाडण्याआधी: पावसात अडकणाऱ्या शाळेची तयारी

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडलं. जोर धरला तो दुपारी. वीज गेली, मोबाईल लागेनासे झाले. कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेत, बसमध्ये किंवा अनोळखी घरांत काढली. जी वर्गात सुखरूप होती, त्यांच्याही घरी तसं कळवायला मार्ग उरला नव्हता. म्हणून मुंबई-ठाण्यातल्या शाळेने पावसाळ्याची तयारी छत्र्या आणि गळत्या छपरापासून नव्हे, तर पालकांच्या नंबरांपासून सुरू करावी.

प्रत्येक मुलामागे तीन नंबर घ्या: आईचा, वडिलांचा आणि तिसरा शहराबाहेरच्या नातेवाइकाचा, पुण्याच्या मामाचा किंवा नाशिकच्या आत्याचा. नेटवर्क कोंडलं की शेजारच्या गल्लीतही फोन लागत नाही. पण मिळालेल्या एखाद्या क्षणात गेलेला एसएमएस मामाकडे पोचला, की आई आणि बाबा दोघं दोन टोकांना अडकले असले तरी एकाच माणसाला विचारू शकतात. प्रवेश अर्जावरचे नंबर तसेच उतरवून घेऊ नका. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना चाचणीचा निरोप पाठवा, ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना वर्गशिक्षकांनी फोन लावावा. बंद पडलेलं सिम, बदललेला नंबर, घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर रात्रपाळीला जाणं, हे सगळं इथेच उघडं पडतं. गणपतीच्या सुट्टीनंतर हीच चाचणी पुन्हा घ्या. मग यादी कागदावर छापा: एक प्रत वर्गाच्या हजेरीत, एक कार्यालयात, एक बसमधल्या ताईंकडे, प्लास्टिकच्या पिशवीत. फक्त मोबाईलमध्ये ठेवलेली यादी चार्जिंगबरोबर संपते. भिंतीवर मात्र लावू नका, मुलांच्या घरचे नंबर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नकोत.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संकटाच्या दिवशी फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, अशी सेटिंग आधीच करून ठेवा. नाहीतर ‘ओके मॅडम’ आणि हात जोडलेल्या चित्रांच्या ढिगात मुख्य निरोप वर सरकून जातो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस किंवा फोनच करावा लागतो. चाळीस मुलांच्या वर्गात पाच पालकांनी आठ-आठ घरं वाटून घेतली, तर काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. ही वाटणी जूनमध्येच ठरलेली हवी.

निरोपाचा मसुदाही आधी लिहून ठेवा, म्हणजे घाईत फक्त तपशील भरायचे राहतात. तो असा असावा: ‘मंगळवार, १५ जुलै, दुपारी १२:२०. पहिली ते चौथीची सर्व मुले शाळेत, पहिल्या मजल्यावर आहेत. शाळेसमोर गुडघाभर पाणी आहे. बस सोडलेल्या नाहीत. पालकांनी आत्ता निघू नये. पुढचा निरोप १:०० वाजता.’ वार आणि तारीख वगळू नका, कारण मागच्या वर्षीचे सुट्टीचे निरोप दर पावसाळ्यात पुन्हा फिरतात. ‘घाबरण्याचे कारण नाही’ ही सुरुवात टाळा. ती वाचून आई आधी घाबरते, आणि मूल कुठे आहे हे तिला तरीही कळत नाही. आणि एकला निरोप द्यायचा म्हटलं की एकला द्याच, नवं काही नसलं तरी ‘स्थिती तीच, मुले आत’ एवढं लिहा. ती वेळ चुकली की पालक रस्त्यावर उतरतात. निरोपावर सही कोणाची हेही ठरवा: मुख्याध्यापक, ते नसतील तर पर्यवेक्षक. इतर शिक्षकांनी आपापल्या परीने काही पाठवू नये.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मूल हाती देताना. गेटवर गर्दी होते, शेजारच्या काकू ‘मी तिघांनाही नेते’ म्हणतात, आणि तासाभराने भिजलेली आई येऊन मुलाला शोधत राहते. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लेखी घ्या, की आम्ही नसलो तर मूल कोणाकडे द्यायचं: दोन नावं, फोटो, नातं. मोठी बहीण याच शाळेत आठवीत असेल तर तिच्याबरोबर धाकट्याला सोडायचं का, हेही त्यातच विचारा. कोर्टाने ताबा एकाकडेच दिला असेल तर तशी खूण यादीत हवी. वहीत मुलाचं नाव, इयत्ता, वेळ, नेणाऱ्याचं नाव, फोन आणि सही. ओळख पटवून नोंद करायला मुलामागे एक मिनिट धरा. सहाशे मुलं एका टेबलावरून सोडली तर दहा तास लागतील! इयत्तेवार सहा टेबलं मांडली तर शंभर मिनिटं. टेबलं गेटवर नको, आत, छपराखाली. पालकांची रांग कंपाऊंडच्या भिंतीला किंवा झाडाला टेकून लावू नका, मुरलेल्या पाण्याने भिंती याच दिवसांत कोसळतात.

सोडायचं की थांबवायचं, याची खूणही आधीच ठरवा. हवामान खात्याचा लाल इशारा आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच दुपारी असेल, तर मुंबईच्या सखल भागातलं पाणी ओसरत नाही. पालिका भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच जाहीर करते, त्या कार्यालयाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. फूटपाथची कड पाण्याखाली दिसेनाशी झाली की बस पुढे न्यायची नाही. वाटेत अडकलीच तर थांबायच्या जागा प्रत्येक मार्गावर तीन-चार हव्यात: दुसरी शाळा, रुग्णालय, पोलीस चौकी. ड्रायव्हरने फोन शाळेला करायचा, आणि शाळेने पालकांना. रिक्षाने येणाऱ्या मुलांची यादी बहुतेक शाळांकडे नसते. ती रिक्षावाल्या काकांकडून मागून घ्या.

मुक्कामाचं सामान फार लागत नाही. दोनशे मुलांना रात्रभरासाठी माणशी दीड लिटर पाणी धरलं तर वीस लिटरचे पंधरा जार. बिस्किटं, चुरमुरे, गूळ. शेंगदाण्याची चिक्की ठेवलीत तर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची नावं डब्यावर लिहा. सतरंज्या, मजल्यामागे दोन टॉर्च, सॅनिटरी पॅड, ओआरएस, दम्याच्या मुलांचे नाव घातलेले पंप. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेले साधे फोन आणि भरलेली पॉवर बँक. मेगाफोनमधले सेल काढून वेगळे ठेवा, आत राहिले की गळतात आणि ऐनवेळी आवाज निघत नाही. तळमजल्यावर पाणी शिरू लागलं की मेन स्विच कोण पाडणार, त्या शिपाईमामांचं नाव आणि त्यांच्या बदल्यात दुसरं नाव लिहून ठेवा. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन शिक्षक थांबतील, त्यात एक बाई असतील. जवळ राहणाऱ्यांची पाळी आधी लावा. ज्यांची स्वतःची मुलं दुसऱ्या शाळेत आहेत, त्यांना त्यांची खबर मिळाल्याशिवाय कामाला जुंपू नका.

कार्यालयातल्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत हे नंबर: ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, चाइल्डलाइन १०९८, मुंबई महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७.

मग पहिल्या पंधरवड्यातल्या एका शनिवारी तालीम घ्या, खऱ्या पालकांना बोलावून. निरोप किती वाजता गेला, किती घरांतून उत्तर आलं, टेबलावर एका मुलाला किती वेळ लागला, हे घड्याळ लावून लिहा. संपल्यावर सोडल्याची वही आणि हजेरी शेजारी ठेवून आकडे जुळवा. एकाही मुलाचा फरक पडला, तर तो कोणत्या टेबलावर पडला ते त्याच दिवशी शोधा आणि पुढच्या शनिवारी त्या इयत्तेची तालीम पुन्हा घ्या.