माळरानावर झाडं लावताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीसाठी जागा शोधायला सुरुवात होते आणि नजर जाते ती माळावर. उजाड दिसतो, सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला अयोग्य असतो, मग खड्डे तिथेच. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हाही अशा जागांवर भर पडलाच. पण माळ हे उजाड झालेलं जंगल नाही. ते मुळातलं गवताळ रान आहे.

पहिली चूक म्हणजे मे महिन्यात पाहून निर्णय घेणं. तोच माळ ऑगस्ट-सप्टेंबरात बघा. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं गुडघ्याला लागतात, गवताच्या बुडाशी चंडोलाचं घरटं असतं. टिटवी तर उघड्या मुरमातच ठिपक्यांची चार अंडी घालते. दोन पावलांवरूनही ती खड्यांसारखी दिसतात, चर खणणाऱ्या जेसीबीवाल्याला कुठून दिसणार?

रोपं जळाली की टँकर लावतात. आधी कुदळ मारून बघा. टीचभर मातीखाली मुरूम लागला, तर दोष पाण्याचा नाही, जागेच्या निवडीचा आहे. आणि गिरिपुष्पासारखं झाड जगलंच, तर सावलीत गवत मरतं. मग लांडगा, खोकड (छोटा कोल्हा), धाविक पक्षी यांचं मोकळं रान संपतं. वड, पिंपळ, करंज गावठाणात, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला लावा.

मला सगळ्यात जास्त खटकते ती चूक वेगळीच: माळाला कुणी धनी नाही असं धरून चालणं. धनगरांच्या मेंढ्या तिथे पिढ्यानपिढ्या चरतात. कुठलं गवत कधी चारायचं, कुठला पट्टा राखायचा हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना न विचारता तारेचं कुंपण घातलं की संवर्धन गावाच्या विरोधात उभं राहतं. माळढोकाचंच बघा. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात जाहीर झालेलं अभयारण्य सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं, शेतं सगळं आलं, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणावं लागलं.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावाआधी मेंढपाळांना घेऊन माळ फिरा आणि राखायचे पट्टे नकाशावर मांडा. खड्डे आधीच खणले असतील आणि रोपं मेली असतील, तर त्यांत पुन्हा रोपं लावू नका. खड्डे बुजवा आणि शेजारच्या गवताचं बी पडू द्या.